परातीतलं ऊन

परवा मोलगीच्या आठवडे बाजारात मी जीपची वाट पाहत उभी होते. जीप भरल्याशिवाय हलणार नव्हती, आणि तिच्यात अजून दोन शेळ्यांची जागा शिल्लक आहे असं ड्रायव्हरचं ठाम मत होतं. शेजारी आमच्या शाळेतल्या नव्या मॅडम पदराने वारा घेत होत्या. "काय ऊन आहे हो आज! किती असेल?" त्यांनी विचारलं. मी वाऱ्याकडे गाल केला, समोरच्या दोरीवर वाळत पडलेलं लुगडं जरा निरखलं आणि म्हणाले, "नऊ. दहाच्या वर नाही."

"नऊ काय?"

"मिलिमीटर."

मॅडम माझ्यापासून अर्धा हात लांब सरकल्या. त्यांचंही बरोबर आहे. ऊन अंशात मोजतात हे मलाही ठाऊक आहे. पण ऊन मिलिमीटरमध्ये मोजायची खोड मला हिरालाल सरांनी लावली, आणि डोंगरात येऊनही ती सुटलेली नाही. शेळ्या चढल्या, जीप निघाली, आणि घाटभर मी सरांचाच विचार करत बसले.

हिरालाल सर कृषी विद्यालयात शिकवून निवृत्त झालेले. मी शहाद्याजवळ तापीकाठच्या त्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते तेव्हा त्यांच्या शेजारच्या घराची माडी मी भाड्याने घेतली होती. माझी गच्ची थेट त्यांच्या खळ्यावर उघडायची. पहिल्याच सकाळी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर खाली खळ्याच्या मधोमध लाकडी फळ्यांच्या बैठकीवर एक प्रचंड पत्र्याची परात ठेवलेली, तीत पाणी, वर जाळी, आणि एक उंच, काटकुळा माणूस उघड्या छत्रीखाली उकिडवा बसून, एक डोळा मिटून त्या पाण्यात बघतोय. मला वाटलं, सोडलेत बहुतेक मासे.

"बाई," खालूनच आवाज आला, "साडी तशी दुहेरी घालू नका. एकेरी पसरा. आज वारा पश्चिमेचा आहे, तासाभरात वाळेल."

नाव नाही, गाव नाही, ही आमची ओळख. साडी तासाभरात वाळली. मला त्याचा थोडा रागच आला.

ती परात म्हणजे बाष्पीभवन मोजायचं पात्र. विद्यालयात नवीन यंत्रं आली तेव्हा हे जुनं भांडं भंगारात निघालं, आणि सरांनी ते ट्रॅक्टरवर घालून वाजतगाजत घरी आणलं. गावाने नाव ठेवलं परात, आणि सरांना परातवाले सर. परातीत एक टोकदार आकडी बसवलेली होती. रोज सकाळी पाणी त्या टोकाच्या खाली गेलेलं असायचं. सर मापाने पाणी ओतत टोकाला पुन्हा पाणी टेकवायचे. जेवढं ओतावं लागलं तेवढं काल उन्हाने आणि वाऱ्याने मिळून उडवलं. मग दाराच्या फळीवर खडूने तो आकडा मोठा करून लिहायचे आणि मगच चहा प्यायचे. चहा बशीतच. कपातला चहा त्यांना गैरसोयीचा वाटायचा. "तोंड लहान असलं की वाफ अडते," ते म्हणत.

भेटल्यावर लोक विचारतात, काय म्हणता, कसं काय. सर विचारायचे, "आज कितलं पिधं?" म्हणजे आज उन्हाने किती पाणी प्यायलं. विचारणारे तेच आणि उत्तर देणारेही तेच. गावातली माणसं गंमत म्हणून त्यांना पाहिलं की लांबूनच ओरडायची, "सर, आज कितलं पिधं?" आणि सर गांभीर्याने आकडा सांगायचे. आपली थट्टा होते आहे हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. थट्टेत का होईना, माणसाने विचारलं ना, यातच त्यांना आनंद होता.

त्यांच्या सायकलच्या हँडलला कायम एक ओला रुमाल बांधलेला असायचा. शहाद्याला जाऊन यायचे तेव्हा तो कुठल्या फाट्यावर कोरडा झाला यावरून ते दिवस पारखायचे. कोणाच्या घरी गेले की आधी दोरीवरच्या कपड्यांकडे नजर. लग्नाच्या मांडवातसुद्धा हेच. काकू, म्हणजे सरांच्या सौभाग्यवती, मला एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ह्या माणसाने मला जन्मात कधी छान दिसतेस म्हटलं नाही. पण साडी वाळली का, हे मात्र रोज न चुकता विचारलं." हे सांगताना त्या इतक्या खूश दिसत होत्या की मला त्यांचा हेवा वाटला.

ह्या उद्योगाचा पहिला फायदा उठवला तो गावातल्या बायकांनी. उन्हाळ्यात आमच्याकडे घरोघर ज्वारीचे बिबडे घालतात. पीठ आंबवायचं, पहाटे शिजवायचं, कापडावर थापायचं, आणि मग सगळी भिस्त उन्हावर. नीट वाळले नाहीत तर वास येतो आणि वर्षाचा खाऊ फुकट जातो. बायका खळ्याच्या फाटकातून विचारायच्या, "सर, आज घालू का बिबडे?" सर फळीकडे बघून सांगायचे, "आज नको वं माय, हवा बंद शे. उद्या घाला." एखादा दिवस भयंकर तापलेला असायचा आणि सर नको म्हणायचे. एखाद्या दिवशी ऊन मवाळ असायचं, पण वारा सुटलेला, आणि सर म्हणायचे बिनधास्त घाला. "ऊन एकटं पेत नही," हे त्यांचं आवडतं वाक्य. "वारा त्याना जोडीदार शे."

पण सरांना पापड-बिबड्यांत आयुष्य घालवायचं नव्हतं. त्यांचा डोळा केळीवर होता.

गावाच्या केळीला पाणी यायचं ते तापीवरच्या सामाईक पंपातून. एक लांबलचक पाइपलाइन, तिच्यावर प्रत्येकाचा कॉक, पुढे ठिबकच्या नळ्या. पद्धत अशी की लाइट आली की मोटार आपोआप सुरू, आणि लाइट आहे तोवर ज्याची पाळी त्याचा कॉक उघडा. ढग असो, वारा असो, केळ गुडघ्याएवढी असो नाहीतर निसवलेली असो, पाणी तेवढंच. निसवली म्हणजे तिचा घड बाहेर पडला. पहिल्या दहा-बारा शेतांत बांधाला चिखल व्हायचा आणि एप्रिलनंतर नदीतलं पाणी उतरलं की शेवटच्या टोकाला पाइप नुसता फुसफुसायचा.

त्या शेवटच्या टोकाला सुकलालभाऊंचं शेत. सुकलालभाऊ साधा, हसरा माणूस. आयुष्यभर त्यांनी तिथे ज्वारी, कापूस काढला, कारण टोकाला केळी लावायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती. सरांनी त्यांना केळी लावायला लावली.

कशी लावायला लावली, ते मी गच्चीवरून पाहिलंय. एका सकाळी सरांनी खळ्यातल्या कडूलिंबाच्या डहाळीवर पारदर्शक पिशवी चढवून तोंड सुतळीने आवळलं. दुपारी सुकलालभाऊ आले तेव्हा पिशवीच्या तळाशी चमचाभर पाणी जमलं होतं.

"हाई पानी कथाईन उनं?" पाणी आलं कुठून, ते सुकलालभाऊंना कळेना.

"झाडले घाम येस," सर म्हणाले. "आपले दिखत नही, इतलंच. जमिनीनी वाफ आनि झाडना घाम, दोन्हीसनी बेरीज म्हनजे पिकनी तहान. ती बेरीज मन्ही परात सांगस. तितलंच पानी द्या, टोकलगून पुरी. तू लाव केळी. मी शे."

या बेरजेला पुस्तकात फार लांबलचक शब्द आहे. मी मराठीची शिक्षिका, पण तो मला आजही एका दमात म्हणता येत नाही. सर तो क्वचितच वापरायचे आणि म्हणताना स्वतःच हसायचे.

"मी शे," एवढ्या दोन शब्दांवर सुकलालभाऊंनी जूनमध्ये केळी लावली. घरातलं होतं नव्हतं ते रोपांत आणि नळ्यांत घातलं. होळीपर्यंत बाग डोक्याच्या वर गेली, आणि सरांची झोप उडाली. आता काहीही करून पावसापर्यंत टोकाला पाणी पोचायला हवं होतं.

मारुतीच्या ओट्यावर पंपावरच्या शेतकऱ्यांची बैठक झाली. तिथे खरी सत्ता नथ्थूभाऊंची. पाइपलाइनवर पहिला कॉक त्यांचा, मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. सरांनी उभं राहून मांडणी केली. म्हणाले, बाळंतीण आणि शाळेतली पोरगी, दोघींच्या ताटात सारखंच वाढता का? मग गुडघ्याएवढ्या केळीला आणि निसवलेल्या केळीला सारखंच पाणी का? जमीन म्हणजे माठ आहे. रिकामा झाला तेवढाच भरा, वरून सांडू नका. किती रिकामा झाला ते मी रोज सांगतो.

"सर," नथ्थूभाऊ म्हणाले, "मन्हा बाप परातमा दखीसन केळी लावे का?"

सगळे हसले. सरही हसले. "तुन्हा बापना टाइमले नदी भरेल ऱ्हाये, नथ्थूभाऊ."

शेवटी ठरलं, एक उन्हाळा सरांचा. जमलं तर जमलं. नाहीतर परात भंगारात, मोटार लाइटवर, आणि सुकलालचं सुकलाल बघेल. सुकलालभाऊ ओट्याच्या कडेला बसले होते. ते फक्त सरांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावर सरांचा कार्यक्रम सुरू झाला. त्या भोंग्यावरून एरवी हरवलेल्या बोकडाची नाहीतर लाइट बिलाच्या शेवटच्या तारखेची घोषणा व्हायची. आता रोज सकाळी खाकरण्याचा आवाज यायचा आणि मग, "राम राम मंडळी. काल ऊननी आठ पिधं. लहान केळीले कमी, निसवेल केळीले जास्त, ज्यानात्याना तास फळीवर लिखेल शेतस. वारा वाढना ते उद्या जास्त सांगसू." रेडिओवरच्या बातम्या ऐकाव्यात तसं गाव ऐकायचं. शाळेत माझी पोरं मधल्या सुट्टीत "राम राम मंडळी" करून सरांची नक्कल करायची. एका पोराने ती इतकी हुबेहूब केली की मी त्याला ओरडायचं सोडून पुन्हा करायला लावली.

आणि जमू लागलं! बांधावरचा चिखल वाळला. एप्रिलच्या शेवटीही टोकाचा पाइप भरून वाहत होता. सुकलालभाऊंची बाग निसवली. ते सरांच्या खळ्यात येऊन नुसते बसायचे, चहा प्यायचे आणि जायचे. नथ्थूभाऊ म्हणायला लागले की उन्हाळाच यंदा हलका आहे.

मग आखाजी आली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशातला मोठा सण. झाडांना झोके बांधतात, माहेरवाशिणी गाणी म्हणतात, घरोघर खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून पूजतात, कारण गेलेल्या माणसांना उन्हाळ्यात तहान लागते. मी त्या दिवशी सरांकडेच जेवले आणि इतकं जेवले की गच्चीचा जिना चढवेना.

आखाजीनंतर सरांचे आकडे उतरायला लागले. अकरावर गेलेली परात सातावर आली, सहावर आली. आधी सर चक्रावले. मग त्यांना आनंद झाला. मग त्यांनी त्यावर सिद्धान्त मांडला, आणि तिथेच घोटाळा झाला. "बाई, लक्षात येतंय का तुमच्या?" ते मला खालून ओरडून सांगू लागले. "केळीचं रान वाढलं, त्यामुळे गावाची हवाच दमट झाली. गाव गार पडतंय!" मी घामाने निथळत गच्चीवर उभी होते. मला गाव काही गार वाटत नव्हतं. पण मी मराठीची, ते शेतीचे. मी हो म्हटलं. त्यांनी हा सिद्धान्त भोंग्यावरूनही सांगितला आणि पाण्याचे तास कमी केले.

आठवड्याभरात केळीची पानं मिटू लागली. केळीचं पान तहानलं की मधल्या शिरेवर दोन्ही बाजू खाली मिटून घेतं. भर दुपारी मिटलं तर चालतं, संध्याकाळी उघडतं. ही उघडेनात. नथ्थूभाऊ भर चौकात म्हणाले, "गाव गार पडना म्हने! केळीले सांगा ना हाई." सुकलालभाऊ सकाळ-संध्याकाळ बागेतून चक्कर मारायचे आणि सरांना काहीच बोलायचे नाहीत. ते न बोलणं सरांना फार लागलं. त्या दिवसांत त्यांचा चहा बशीत तसाच गार व्हायचा. एवढ्या रुंद बशीत चहा गार झाला तरी त्यावर त्यांना काही बोलावंसं वाटेना, हे पाहून मला खरंच काळजी वाटली.

त्यांना सोडवलं ते बिबड्यांनी. मी आणि काकूंनी मिळून माझ्या गच्चीवर बिबडे घातले होते. सर सकाळी म्हणाले होते, आज सहाच आहे, संध्याकाळपर्यंत हात लावू नका. दुपारी ते काहीतरी विचारायला वर आले. सवयीने एक बिबडा उचलला. तो कडकन मोडला.

सरांनी दुसरा उचलला. तोही मोडला. मग तिसरा. "अहो, सगळे मोडता काय?" काकू ओरडल्या.

"शकुंतला," सर काकूंना म्हणाले, "हे सहाचं ऊन नाही. हे अकराचं आहे. माझ्या परातीत कोणीतरी पाणी घालतंय."

आणि त्या क्षणी त्यांचा चेहरा असा काही उजळला की सांगता सोय नाही. सिद्धान्त पडला याचं दुःख नाहीच. ऊन पूर्वीइतकंच कडक आहे, गाव मुळीच गार पडलेलं नाही, याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर वामकुक्षी सोडून माझ्या गच्चीच्या कठड्याआड छत्री मिटून बसले. त्यांच्यासोबत मीही. गावात चिटपाखरू नव्हतं. थोड्या वेळाने पलीकडच्या घरातून मथुरामाय बाहेर आली. मथुरामाय म्हणजे खळ्यालगतची म्हातारी, एकटी राहणारी, मुलगा सुरतेला, जीभ मिरचीसारखी. तिच्या हातात लहान कळशी होती. ती सावकाश परातीपाशी आली. जाळीचा एक कोपरा वर करून ठेवलेला होता, तिथून तिने कळशी परातीत रिकामी केली, हात जोडले, आणि लिंबाखाली जाऊन बसली. एक कावळा आला, जाळीवर बसला, उघड्या कोपऱ्यातून चोच घालून पाणी प्यायला.

मला वाटलं, सर आता कडाडतील. ते खाली गेले आणि तिच्याशेजारी मातीत बसले.

"माय, हाई कोनाकरता?"

"त्यासनाकरता," मथुरामाय म्हणाली. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. "आखाजीले घागर भरी. मंग दखं ते कावळा तुन्ही जाळीवर बसेल, चोच घाली ऱ्हायना, आनि पानी खाले उतरेल. त्यासले तान भलती लागे, सर. वावरमाईन येतस नही येतस तं दारमाच तांब्या मांगेत."

"मंग रोज काब टाकस?" आखाजी तर एकाच दिवसाची, म्हणून सरांनी विचारलं.

"एक रोज पिधं म्हनजे वरीसनी तान भागस का?"

सर स्वतः गेले दोन महिने भोंग्यावरून गावाला हेच सांगत होते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "नही भागत, माय."

दुसऱ्या सकाळी भोंगा वाजला. "राम राम मंडळी. गेला पंधरा दिवसना मन्हा आकडा चुकेल व्हता. गाव गार पडेल नही. चूक मन्ही शे, परातवर मी नजर ठेवी नही. आजपाईन अकराना हिशोबे पानी द्या, आनि संध्याकाळे ओट्यावर या." मथुरामायचं नाव त्यांनी घेतलं नाही. घरी आल्यावर काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "तिने पाणी पाजलं. गुन्हा थोडाच केला."

संध्याकाळी ओटा भरला. नथ्थूभाऊंनी आवाज लावला. सरांवर आमचा राग नाही, पण आता पुरे. परात गेली, मोटार लाइटवर. सुकलालभाऊंच्या बागेत घड लोंबत होते आणि पाऊस अजून महिनाभर लांब होता. मोटार लाइटवर गेली की त्यांचा पाइप पुन्हा फुसफुसणार हे ओट्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. सर उत्तर द्यायला उभे राहिले.

त्यांनी तोंड उघडायच्या आत मथुरामाय बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"परातमा पानी मी टाकं," ती म्हणाली. "सरले काय बोलतस? मले बोला."

नथ्थूभाऊंनी विचारलं, "काकू, तू काब टाकं पन?"

"तुन्हा काकाले पाजाले. आखाजीपाईन तोच पी ऱ्हायना. तुन्हा काका पी गया, नथ्थू, आनि हिशोब सरले मांगस?"

हे मला तेव्हाच कळलं: मथुरामायचा नवरा नथ्थूभाऊंचा सख्खा काका. वडील लवकर गेल्यावर त्यानेच नथ्थूभाऊंना वाढवलं होतं. नथ्थूभाऊंच्या मिशा थरथरल्या. एकदम कोणीतरी फसकन हसलं आणि मग सगळा ओटा हसला. नथ्थूभाऊंनी डोळ्याला उपरणं लावलं. हसू होतं की काय होतं, मला सांगता यायचं नाही.

"काकानी पिधं व्हई," ते शेवटी म्हणाले, "ते मी कसा हिशोब मांगू? चालू ऱ्हाऊ द्या सर. पन काकाकरता येगळं भांडं ठेवा भो."

सरांनी दुसऱ्याच दिवशी कुंभाराकडून एक पसरट मातीचं भांडं आणून लिंबाखाली ठेवलं. त्याचा ताबा मथुरामायकडे. जाळीचा कोपरा तारेने घट्ट बांधला. भोंगा पुन्हा सुरू झाला, पानं उघडली. पाऊस आला तेव्हा टोकाचा पाइप अजून भरून वाहत होता. सुकलालभाऊंच्या शेताच्या बांधाला जन्मात पहिल्यांदा केळीचा ट्रक लागला. त्यांनी पहिला घड खांद्यावर घेऊन सरांच्या खळ्यात आणला आणि परातीच्या जाळीवर ठेवला. सर आधी ओरडले, "जाळी वाकी, जाळी!" आणि मग त्यांनी सुकलालभाऊंना मिठी मारली. त्या घडातली केळी मी पोट दुखेपर्यंत खाल्ली.

मथुरामाय त्या थंडीत गेली. झोपेतच गेली. लिंबाखालचं भांडं काकू भरू लागल्या.

पुढच्या मे महिन्यात माझी मोलगीकडे बदली झाली. सामान बांधून झालं होतं. आखाजीचा दिवस होता, दुपारची शहाद्याची बस पकडायची होती. सकाळी मी दोरीवरचे शेवटचे कपडे काढायला गच्चीवर गेले. खाली सर छत्री उघडून परातीपाशी उकिडवे बसले होते, नेहमीसारखेच. सुकलालभाऊ शेजारी सायकल धरून उभे. त्यांची दुसरी बाग आता निसवत होती, आणि आकडा ऐकल्याशिवाय ते पुढे जात नसत.

सरांनी मापाने पाणी ओतायला घेतलं नाही. ते उठून घरात गेले आणि बाहेर आले तेव्हा हातात लहान कळशी होती. मथुरामायची. त्यांनी जाळीच्या कोपऱ्याची तार सोडली.

"सर," सुकलालभाऊ घाईने म्हणाले, "पाखरेसनं भांडं तठे शे, लिंबडाखाल."

"मले ठाऊक शे," सर म्हणाले, आणि कळशी परातीत रिकामी केली. त्या दिवसाचा आकडा पाण्यात बुडून गेला. ज्या माणसाने एका थेंबाच्या चुकीसाठी रात्रभर कूस बदलली असती, तो हात जोडून उभा होता.

मग डोक्यावर उपरणं टाकून ते देवळाकडे गेले. मी कपडे खांद्यावर घेऊन तशीच थांबले. खाली रस्त्यावर नथ्थूभाऊंनीही मोटरसायकल थांबवली होती. भोंगा खाकरला.

"राम राम मंडळी. आज आकडा नही. कालना आकडावर पानी द्या. आजनं पानी ऊननी नही पिधं. आजनं पानी मथुरामायनी पिधं."